बिनक्लचची जीप

विदर्भाच्या यांत्रिक प्रगतीच्या इतिहासातलं एक नवं पर्व काटोल रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेत सुरू झालं, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. ते संगमरवरावर कोरलेलं आहे. पाटी फूटभर लांब, तीन बोटं जाड, अक्षरांत काळा रंग भरलेला. तिच्यावर उद्‌घाटकांचं नाव आहे, स्वागताध्यक्षांचं आहे, तिथीही आहे. फक्त उद्‌घाटन कशाचं झालं ते घालायचं राहून गेलं, त्यामुळे पर्व कसलं हे वाचणाऱ्याला कळत नाही. मला कळतं, कारण ते पर्व मी चार महिने जीपखाली उताणा पडून स्वतः नटबोल्टांनी आवळलं होतं.

माझं गॅरेज नागपूरच्या गणेशपेठेत होतं. पस्तीस वर्षं मी गाड्या दुरुस्त केल्या. गाडी कुठेही बिघडली तरी मालक इंजिनाकडेच बघतो आणि डॉक्टरकडे आल्यासारखा आधी स्वतःच निदान सांगतो. एक वकील कायम गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचे. इतका हुबेहूब, की मी त्यांचाच व्हॉल्व्ह तपासावा असं वाटे. एका गृहस्थांची तक्रार होती की गाडी फक्त सासुरवाडीला जाताना गरम होते. सासुरवाडी चढावर होती. असे लोक येत-जात राहायचे, पण मला जन्मभर पुरेल इतकी मजा एकाच गिऱ्हाइकाने दिली, आणि ती बाई होती.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध असावा. सुमनबाई एका सकाळी काठी टेकत आल्या. मागून त्यांची जीप आली, आणि जीपमधून देवराव नावाचा ड्रायव्हर उतरला. गॅरेजपासून पन्नास पावलांवर गाडी थांबवून त्या आधी चालत आल्या होत्या, कारण जे बोलायचं ते देवरावच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग. नवरा वारला तेव्हापासून बाग त्याच बघत, आणि जीपही स्वतः चालवत. जुनी, पेट्रोलवरची, कार्ब्युरेटरचं इंजिन, चारही चाकांना ताकद देणारी. मग विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या. रामदासपेठेतल्या दवाखान्यात डावा गुडघा जोडला गेला, पण जो सरळ राहिला तो राहिलाच. वाकेना. वाकत नाही त्या पायाने क्लच दाबता येत नाही. तेव्हा दीर नानासाहेबांनी मोठ्या मनाने देवरावला पाठवलं आणि जीपची चावी त्याच्या खिशात गेली. पुढे देवराव रिकामा असेल तेव्हाच बाईंना बागेत जाता येऊ लागलं, आणि नानासाहेबांना बागेत काही काम असलं की देवराव हटकून रिकामा नसे.

“मले पाय नको नवा,” सुमनबाई म्हणाल्या. “मले बिनक्लचची गाडी पाहिजे. आमच्या मालगुजाराच्या बायकोची होती. नुसती दाबली की जाये. तुमच्याच्यानं होते का नाही, तेवढं सांगा, मिस्त्रीभाऊ.”

मी म्हणालो, तशी गाडी नागपुरात मिळणार नाही.

“गाडी कोन मागून राहिलं? गाडी आहे ना माह्यापाशी. तिचा क्लच काढा.”

आता बाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगितलं पाहिजे. साध्या गाडीत इंजिन आणि चाकं यांची सोयरीक क्लचने जुळते आणि क्लचनेच तुटते. गिअर बदलायचा म्हणजे डाव्या पायाने काही क्षण ती तोडायची, हाताने दांडा हलवायचा, पुन्हा जोडायची. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक डबा असतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. डब्यात वाऱ्याऐवजी तेल असतं, एवढाच फरक. इंजिन पहिला पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला फिरवतं, आणि पुढचे गिअर तेलाच्याच दाबाने आपोआप पडतात. माणसाने फक्त दांडा ‘डी’वर, म्हणजे ‘ड्राइव्ह’वर, ठेवायचा आणि समोर बघायचं.

असं काही मी तोवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. पण नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं की गेली पाच वर्षं मी एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर बसून चहा पितो आहे.

तो हमीदभाईंच्या लेथसमोर पडलेला होता. हमीदभाई मोमिनपुऱ्यातले खरादी. त्यांच्या हाताला सुताच्या आठव्या भागाचा फरक डोळे मिटून कळायचा. त्याच मालगुजारांची, म्हणजे जुन्या जमीनदारांची, मोठी अमेरिकन गाडी भंगारात निघाली, तेव्हा तिचं इंजिन एका पिठाच्या गिरणीला गेलं, सीट एका सलूनमध्ये गेल्या आणि गिअरबॉक्सला कोणी विचारलं नाही. हमीदभाईंनी त्यावर पोतं टाकून गिऱ्हाइकांची बसायची सोय केली. पोतं काढून आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो.

“भाऊ, ये तो रिश्ता जोडना है,” हमीदभाई म्हणाले. “लडका काटोल का, लडकी अमरीका की. एक का भी छेद दूसरे से नहीं मिलता.”

हे शब्दशः खरं होतं. जीपच्या इंजिनामागचे बोल्ट एका वर्तुळात, गिअरबॉक्सचे दुसऱ्या. मध्ये एक जाड पोलादी तबकडी हवी, जिला एका बाजूने इंजिनाची भोकं आणि दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सची. दोन्हींचा मध्यबिंदू केसाने जरी चुकला तर तेल अडवणारं सील फाटणार. मागच्या बाजूलाही तेच, कारण चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी तिथे लागते. अमेरिकन गाडीला अशी पेटी नव्हती, तिच्या मालकांना चिखलात जायची हौस नव्हती. म्हणून गिअरबॉक्सचं शेपूट कापून नवीन दांडा घडवावा लागला. त्या कापाकापीत ‘पी’, म्हणजे उभी गाडी जागच्या जागी जखडून ठेवणारा खिळा, बाद झाला. दांड्याजवळच्या पट्टीवर ‘पी’ हे अक्षर राहिलं, पण त्याच्याकडे अधिकार काहीच उरला नाही. अशी बरीच पदं मी पुढे सरकारातही पाहिली.

हमीदभाईंनी तबकडी तीनदा केली. पहिल्या दोन माझ्या मते उत्तम होत्या. त्यांनी त्या हातात घेतल्या, बोट फिरवलं, मान हलवली आणि वजनमापाला म्हणून शेजारच्या भाजीवाल्याला देऊन टाकल्या.

गिअरबॉक्सची माहितीपुस्तिका मला बर्डीच्या बाजारात रद्दीच्या ढिगात सापडली, हा त्या प्रकरणातला एकमेव चमत्कार. वाळवीने मागची पानं खाल्ली होती. अनुक्रमणिका शाबूत होती, तिच्यावरून कळलं की खाल्लेल्या प्रकरणाचं नाव ‘चालकासाठी महत्त्वाच्या सूचना’ होतं. मी मनात म्हटलं, चालकाच्या सूचनांशी आपल्याला काय करायचंय.

तेल गरम होतं, त्याला थंड करायला कूलर लागतो, असं पुस्तिकेत होतं. ही बातमी गल्लीत पसरली. नागपुरात कूलर म्हटलं की माणसाला खिडकीतला, पत्र्याचा, खसाच्या टट्ट्यांचाच दिसतो. लोक येऊन गंभीरपणे विचारू लागले की जीपला पाणी दिवसातून किती वेळा भरावं लागेल. मी जुन्या फ्रीजमागची नळ्यांची जाळी रेडिएटरपुढे बसवली. तेल लाल असतं. पहिल्या दिवशी सील गळलं आणि जीपखाली लाल थारोळं जमलं, तेव्हा देवराव हादरून म्हणाला, “मिस्त्री, गाडीले रक्त येऊन राहिलं.” ही बातमी संध्याकाळच्या आत नानासाहेबांपर्यंत गेली आणि परत येताना अशी आली की मिस्त्रीने जीपचा खून केला.

पहिल्यांदा चालवून पाहिली तेव्हा मी दांडा ‘डी’वर टाकला आणि जीप शांतपणे मागे गेली. मागे चहाची टपरी होती. दांड्याची सळई मी उलटी जोडली होती. टपरीवरची माणसं बाकासकट सहा फूट सरकली, पण कोणी चहा सांडला नाही. नंतर सळई सुलट केली. मग निघालं ते गिअर बदलण्याचं दुखणं. गिअर कधी बदलायचा हे गिअरबॉक्सला कार्ब्युरेटरकडून कळतं. तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबलाय, त्याची खबर एक बारीक केबल मागे पोचवते. मी सायकलच्या ब्रेकची केबल लावली. ती सैल राहिली तर गिअरबॉक्सला वाटे मालक फिरायला निघालेत, आणि तो बैलगाडीच्या वेगाला टॉप गिअर टाकून झोपी जाई. ताणली तर पहिल्याच गिअरमध्ये इंजिन असं किंचाळे की सेमिनरी हिल्सवर फिरायला आलेली पेन्शनर मंडळी कडेला उभी राहून आम्हाला वाट देत. आठ दिवस रोज सकाळी मी पाना घेऊन त्या टेकडीवर जायचो. अर्धा आटा आवळ, चढ चढ, पाव आटा सोड, चढ चढ. नवव्या दिवशी पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर पडले. कसे, तर शेजारच्या खोलीत कोणीतरी हळूच दार लावावं तसे. मी गाडी थांबवली आणि एकटाच हसत बसलो. एक पेन्शनर जवळ येऊन विचारून गेले, बरं वाटतंय ना.

एवढं सगळं जमलं, एक गोष्ट सोडून. हँडब्रेक. जीपचा हँडब्रेक मुळातच नावापुरता होता आणि माझ्या जोडणीनंतर नावापुरताही राहिला नाही. मागच्या चाकाला दगड लावायचा, हा उपाय सर्वमान्य होता, त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही.

सुमनबाईंनी गॅरेजच्या गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. बसायची त्यांची रीत ठरलेली: पाठमोरं होऊन सीटवर बसायचं, उजवा पाय आत घ्यायचा, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत ठेवायचा. मग उतरल्या. बॉनेटवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या, ताप बघतात तसा.

पण चावी देवरावच्या खिशात होती, आणि देवराव नानासाहेबांच्या. नानासाहेबांनी वहिनींना अट घातली: चारचौघांसमोर एकटीने बागेला पूर्ण फेरा मारून दाखवा, मध्ये बंद पडली नाही तर चावी तुमची, देवराव मी परत नेतो. बंद पडली तर जुना गिअरबॉक्स परत बसवायचा आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. चारचौघं म्हटल्यावर नानासाहेबांना समारंभ सुचला. ते अलीकडे तालुक्याच्या राजकारणात पाय ठेवायला जागा शोधत होते. एका महामंडळाचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे म्हणून ठरले. महामंडळ कसलं होतं हे मला तेव्हाही कळलं नाही आणि बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं. बागेत मांडव पडला, फीत बांधली गेली, आणि ती संगमरवरी पाटी तयार झाली. निमंत्रणपत्रिकेत हमीदभाईंचं नाव नव्हतं. मी त्यांना तरीही चला म्हणालो. ते म्हणाले, “काम छोडके भाषण सुनूं? आप बता देना.” मी आणखी एकदा आग्रह करायला हवा होता. तो केला नाही, हे मला आजही टोचतं.

बागेत वीज नव्हती. लाउडस्पीकरवाल्याने माझ्या देखत जीपच्या बॅटरीला दोन तारा लावल्या. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. नानासाहेब चाळीस मिनिटं बोलले. ऊर्जेचा अपव्यय टाळण्याबद्दल बोलले. मग अध्यक्ष उठले आणि त्यांच्या बोलण्यातला आवाज हळूहळू खोल जाऊ लागला, जणू ते स्वतःच विहिरीत उतरताहेत. शेवटच्या वाक्याला कर्णा नुसता खरखरला. टाळ्या झाल्या. सुमनबाई काठी टेकत गेल्या, सीटवर बसल्या, चावी फिरवली. जीप ‘टक्’ एवढंच म्हणाली.

त्या क्षणी नानासाहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते भाषणातही पसरलं नव्हतं. “वहिनी, उतरा तुम्ही,” ते म्हणाले. “हे बायामाणसाचं काम नाही. धक्का मारा रे.”

विदर्भातच काय, देशात जिथे जिथे जीप आहे तिथे हा उपाय माणसाच्या रक्तात आहे. बॅटरी गेली की चार जणांनी ढकलायची, आतल्याने गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, इंजिन सुरू. पण इथे क्लचच नव्हता. चाकं फिरवून दुसरा पंखा फिरेल, पण पहिला पंखा, म्हणजे इंजिन, त्याला काय पडलंय. तेल दाबणारा पंप इंजिन चालू असतानाच चालतो. हे मी सांगू लागलो, पण तोवर पंधरा माणसं लागली होती आणि नानासाहेब स्वतः आत बसले होते. जीप मांडवाला एकदा वळसा घालून आली. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्या वेळी ढकलणाऱ्यांत अध्यक्षांचे स्वीय सहायकही होते. इंजिन अगदी गप्प.

“ऐकून घ्या गा,” मी शेवटी ओरडलो. “ती अशी होत नसते.”

“मंग कशी होते?” नानासाहेब उतरत म्हणाले. “अशी होत नाही अन् तशीही होत नाही. देवराव, जुना गिअरचा डबा कुठं आहे आपला?”

लोक हसले. मी सुमनबाईंकडे पाहिलं. त्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या आणि जीपकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही. माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा मला हँडल आठवलं. जीपच्या पुढून सळई खुपसून हाताने इंजिन फिरवता येतं, आणि ती सोय मी हात न लावता तशीच ठेवली होती. मी मागच्या चाकाचा दगड नीट केला, चोक ओढला, हँडल घेऊन पुढे गेलो. एवढ्यात सुमनबाई शांतपणे गेल्या, पाठमोऱ्या होऊन सीटवर बसल्या, उजवा पाय आत घेतला आणि डावा पाय उचलायला वाकल्या.

आता माझी चूक. चावीने सुरू करताना दांडा ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलला, नसेल तर गाडी सुरूच होणार नाही, असा स्विच मी लावला होता आणि त्याचा मला अभिमान होता. तो स्विच फक्त चावीला अडवतो. हँडल फिरवणाऱ्याला कोण अडवणार? आणि नानासाहेबांनी धक्का खाताना, तीस वर्षांच्या सवयीप्रमाणे, दांडा गिअरमध्ये म्हणजे ‘डी’वर टाकला होता आणि तसाच सोडला होता. चालकासाठीच्या त्या महत्त्वाच्या सूचना वाळवीऐवजी मी वाचल्या असत्या तर कदाचित मी आत डोकावून पाहिलं असतं.

दुसऱ्याच झटक्याला इंजिन पेटलं. मी हँडल उपसून विजयाने वर धरलं, आणि जीप माझ्याकडे चालत आली.

दगड मागच्या चाकाच्या मागे होता. ती पुढे निघाली होती.

चोकमुळे इंजिन जोरात होतं, त्यामुळे ती साधारण घाईतल्या म्हशीच्या चालीने येत होती. मी हँडल घेऊन तिच्या पुढे, ती माझ्या मागे, आणि माझं डोकं इतकं बधिर की बाजूला व्हायचं सुचेना. मी सरळ मांडवाच्या मध्यातून धावलो. पहिल्या रांगेच्या खुर्च्या दुभंगल्या. अध्यक्ष कात्री घेऊन फितीजवळ उभे होते. त्यांनी मला पाहिलं, माझ्या मागे जीप पाहिली, आणि वयाच्या मानाने फार चपळपणे आंब्यामागे गेले. मी फितीखालून वाकून निघालो. जीप वाकली नाही. बॉनेटवर फीत ताणली गेली, तटकन तुटली आणि दोन्ही बाजूंना झिरमिळ्यांसारखी फडफडू लागली. बँडवाल्यांना फीत तुटली की वाजवायचं एवढंच सांगितलं होतं. त्यांनी वाजवलं.

मी एका झाडाला धडकून थांबलो आणि वळून पाहिलं. सुमनबाईंचा डावा पाय आत आला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. सगळा मांडव एका सुरात ब्रेक, ब्रेक असं सांगत होता. त्यांनी चोक आत ढकलला, माझ्या बाजूने अलगद वळसा घेतला आणि संत्र्यांच्या दोन रांगांमधल्या चाकोरीत शिरल्या. पहिला गिअर, दुसरा. दार हळूच लावल्यासारखे. मग नुसती दूर जाणारी घरघर आणि झाडांमधून डोकावणारी लाल फीत.

पूर्ण फेऱ्याला अर्धा तास लागला. एवढा वेळ रिकामा काढायचा कसा, म्हणून नानासाहेबांनी नवी फीत बांधवली आणि अध्यक्षांनी ती कापली. फोटोही निघाला. त्यात अध्यक्ष आहेत, नानासाहेब आहेत, फीत आहे आणि फितीपलीकडे एक रिकामी जागा आहे.

सुमनबाई पलीकडच्या बाजूने आल्या, मांडवासमोर थांबल्या, इंजिन चालूच ठेवलं आणि देवरावपुढे तळहात केला. चावी जीपमध्येच होती. देवरावकडे चावीचा छल्ला होता, तो त्याने निमूट दिला. शंभर माणसांनी अट ऐकली होती, आणि ऐकवली नानासाहेबांनीच होती, लाउडस्पीकरवरून.

नंतर मी बाईंना विचारलं, ब्रेक सापडला नाही का.

“ब्रेक कुठं आहे ते मले माहीत होतं, मिस्त्रीभाऊ,” त्या म्हणाल्या. “पन थांबली असती तं भाषण पुन्हा सुरू झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी मी हमीदभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लेथ बंद करून ऐकलं, जे ते कोणासाठी करत नसत. शेवटी फक्त विचारलं, “प्लेट से तेल तो नहीं टपका?” नव्हतं टपकलं. त्यांनी लेथ सुरू केला. आता बसायला काही नव्हतं म्हणून मी उभ्यानेच चहा प्यालो.

जीप पुढे बरीच वर्षं चालली. पेट्रोल फार प्यायची, पण बाई कधी तक्रार घेऊन आल्या नाहीत. मीच अधूनमधून बागेत जायचो, तेल बघायला असं सांगून. पाटी बागेच्या फाटकाशी विटांच्या खांबात बसवली होती. एका हंगामात संत्र्याच्या ट्रकने तो खांब पाडला आणि पाटी मोकळी झाली. विदर्भाच्या यांत्रिक प्रगतीचं पर्व मी तिथे शेवटचं वाचलं तेव्हा ते चिखलात थोडं तिरपं उभं होतं.

हँडब्रेक मला शेवटपर्यंत जमला नाही. मागच्या चाकाला लावायला ती पाटी बरोबर मापाची होती.